अकराव्या मजल्यावरचा वारा आणि गच्चीवरच्या टाक्या

"साहेब, बिल्डिंग हलायलीय. वरचे लोक खाली पार्किंगमध्ये येऊन बसलेत." छत्रपती संभाजीनगरच्या बीड बायपासजवळच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा हा फोन वळवाच्या वादळानंतर आला. इमारतींची मजबुती तपासणं हे माझं काम, म्हणून मी फोनवरच तीन गोष्टी विचारल्या. पार्किंगमधल्या एखाद्या कॉलमला भेग दिसते का? लिफ्ट नीट चालू आहे का? प्लिंथच्या, म्हणजे जोत्याच्या, कडेची फरशी कुठे उचलली किंवा खचली आहे का? तिन्हींची उत्तरं दिलासा देणारी होती. त्यातही लिफ्टचं उत्तर सगळ्यात बोलकं. लिफ्टच्या गाइड रेलला काही मिलिमीटरचाच फरक चालतो. इमारत खरोखर वाकडी झाली असेल तर माणसाच्या आधी लिफ्ट अडकते. मी त्यांना म्हटलं, रात्री लोकांना घरी जाऊ द्या, फक्त गच्चीवर कोणी जाऊ नका. वादळानंतर गच्चीवर काय सुटलंय हे न पाहता कोणाला वर पाठवायचं नाही, हा माझा नेहमीचा नियम आहे.

इमारत पार्किंग आणि वर अकरा मजले, उंची ३६ मीटर, लांबी २७ आणि रुंदी १८ मीटर. रुंद बाजू पश्चिमेकडे, आणि पश्चिमेला मोकळे प्लॉट, त्यापलीकडे शेतं. आरसीसी फ्रेम, लिफ्टच्या डक्टला काँक्रीटच्या भिंती, बाकी भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांच्या. पायाचं फुटिंग काळ्या मातीखालच्या कठीण मुरमावर. स्ट्रक्चरल ड्रॉइंगचा पूर्ण संच सोसायटीकडे होता. अशा कामात निम्मा वेळ ड्रॉइंग शोधण्यात जातो, तो इथे वाचला.

पहिलं काम लोकांचं ऐकण्याचं. अकराव्या मजल्यावरच्या काकूंना पलंगावर पडल्या पडल्या हेलकावे जाणवले. त्यांचा मुलगा त्याच वेळी खोलीत येरझाऱ्या घालत होता, त्याला काहीच कळलं नाही. दोघंही खरं सांगत होते. पडलेल्या किंवा शांत बसलेल्या माणसाला आडवी हालचाल लवकर कळते, चालणाऱ्याला नाही. डायनिंग टेबलवरचा लटकता दिवा झुलत होता, छताखालच्या पंख्याचा दांडा मात्र स्थिर होता. दिव्याची वायर मोजली तर जेमतेम ३० सेंटिमीटर. एवढ्या लांबीचा लोलक साधारण १.१ सेकंदात एक झोका पूर्ण करतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल. शेजारच्या घरात 'धाड धाड' असा आवाज आणि पायाखाली थरथर, अशी तक्रार होती. त्या घराच्या मालकांना बेडरूमच्या छताला आडवी भेग दिसली होती आणि ती वादळातच पडली असं ते ठामपणे म्हणत होते.

आठव्या मजल्यावरच्या काकांचं वेगळं होतं. ते मूळचे औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारी भूकंपाची पहाट ज्यांनी पाहिली, त्यांच्या पलंगाला कोणी नुसता धक्का लावला तरी झोप उडते. "मला खरं सांगा, हे तसलं तर नाही ना?" एवढंच त्यांनी विचारलं. म्हणून मी सगळ्यांसमोर हिशेब मांडायचं ठरवलं. भीतीवर नुसतं 'काही होत नाही' म्हणून भागत नाही, आकडे दाखवावे लागतात.

ओळंब्यापासून सुरुवात केली. टोटल स्टेशन हे सर्वेक्षणाचं यंत्र लावून चारही कोपऱ्यांच्या कडा खालपासून वरपर्यंत पाहिल्या. सर्वांत जास्त फरक १८ मिलिमीटर निघाला, पण कोपरे एकाच दिशेला कललेले नाहीत. एक आत, एक बाहेर, दोन जवळपास सरळ. याचा अर्थ ती बांधकामाच्या वेळची सेंट्रिंगची आणि गिलाव्याची गफलत आहे. पाया एका बाजूला खचला असता तर चारही कडा एकाच दिशेला कलल्या असत्या. ही तपासणी सोपी आहे, स्वस्त आहे, आणि 'बिल्डिंग कलली' या अफवेवर तिच्याइतका चांगला उतारा नाही.

मग वाऱ्याचा हिशेब. आपल्याकडे इमारतीवरचा वारा आयएस ८७५ भाग ३ या मानकातून घेतात, सध्याची आवृत्ती २०१५ ची. त्याच्या परिशिष्टात शहरांची यादी आहे, त्यात औरंगाबादसमोर ३९ मीटर प्रतिसेकंद लिहिलंय. म्हणजे ताशी १४० किलोमीटर. हा सरासरी वारा नाही. मोकळ्या जमिनीवर १० मीटर उंचीवर तीन सेकंद टिकणारा झोत, तोही सरासरी ५० वर्षांतून एकदा गाठला जाणारा. वर जाल तसा वेग वाढतो, म्हणून उंचीचा आणि परिसराचा गुणक लावतात. मूळ डिझाइनरने परिसर 'प्रकार ३' धरला होता, म्हणजे भोवती दाट बांधकाम. शहराच्या कडेला हे धरताना सावध राहावं. पूर्वेला वस्ती दाट असेल, पण वळवाचा वारा पश्चिमेच्या मोकळ्या रानातूनही येऊ शकतो, आणि तिथे प्रकार २ धरणं योग्य. या इमारतीच्या माथ्यावर प्रकार ३ चा गुणक १.०८ च्या आसपास येतो, प्रकार २ चा १.१३ च्या पुढे. फरक छोटा वाटतो, पण दाब वेगाच्या वर्गावर जातो. वेगाचा वर्ग गुणिले ०.६ केलं की न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये दाब मिळतो. प्रकार ३ ने माथ्यावर १.०६ किलोन्यूटन, प्रकार २ ने १.१८. म्हणजे अकरा टक्के जास्त. म्हणून सगळा हिशेब प्रकार २ ने पुन्हा केला.

संपूर्ण पश्चिम बाजूवर, क्षेत्रफळाची आणि दिशेची सूट धरून, वाऱ्याचा एकूण आडवा जोर साधारण ८८ टन आला. ऐकायला प्रचंड. पण इमारतीचं स्वतःचं वजन ढोबळमानाने ७,००० टन आहे. शिवाय याच इमारतीला भूकंपाचा आडवा जोर, आपण भूकंपाच्या नकाशातल्या सर्वांत सौम्य झोन दोनमध्ये असूनही, शंभर टनांच्या पुढे धरलेला होता. कॉलममधल्या सळया त्या भूकंपाच्या आकड्यावर ठरल्या होत्या. मराठवाड्यात दहा-बारा मजली, रुंद बुडाच्या आरसीसी इमारतीत बहुतेक वेळा असंच निघतं. वजनदार आणि रुंद इमारतीची फ्रेम वारा नव्हे तर भूकंप ठरवतो. वारा हलक्या वस्तू पकडतो: पत्रा, पॅरापेट म्हणजे गच्चीचा कठडा, टाकी, खिडकी.

आता हलण्याचं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकानुसार वाऱ्याने इमारतीचा माथा उंचीच्या पाचशेव्या भागापेक्षा जास्त सरकू नये, म्हणजे इथे ७२ मिलिमीटर. संगणकावरच्या मॉडेलमध्ये पूर्ण ३९ मीटरचा वारा लावून, ब्लॉकच्या भिंतींची मदत न धरता, ३१ मिलिमीटर आलं. त्या दिवशीचं वादळ सेकंदाला २० मीटरचं, म्हणजे ताशी ७२ किलोमीटरचं धरलं, तर दाब डिझाइनच्या जेमतेम चौथ्या हिश्शाएवढा. सरकणं त्या प्रमाणात सात-आठ मिलिमीटर, आणि भिंतींचा ताठरपणा धरला तर त्याहूनही कमी. बैठकीत हे सांगितल्यावर काकू म्हणाल्या, "अहो, वीतभर तरी हलली असेल!" त्यांना खोटं ठरवायचं कारणच नव्हतं. माणसाच्या शरीराला किती सरकलो हे कळत नाही, किती झटक्याने दिशा बदलली ते कळतं. शास्त्रात त्याला त्वरण म्हणतात.

ते मोजण्यासाठी गच्चीवर लिफ्टच्या खोलीजवळ ॲक्सिलरोमीटर ठेवला. मोबाइलमधला सेन्सर या कामाला कच्चा पडतो, त्याचा स्वतःचाच गोंगाट इमारतीच्या हालचालीपेक्षा मोठा असतो. दुपारच्या साध्या वाऱ्यातही नोंद मिळाली. रुंदीच्या दिशेने इमारत सेकंदाला साधारण १.२ वेळा हेलकावते. मानकाच्या भिंतीसहितच्या सूत्राने १.३ येतं, भिंती वगळल्या तर ०.९. म्हणजे मोजलेल्या एका हेलकाव्याला ०.८ सेकंदाच्या आसपास लागतात, आणि भिंती नसल्यासारख्या धरल्या तर १.१. डायनिंग टेबलवरच्या ३० सेंटिमीटरच्या दिव्याचा झोका यापासून फार लांब नाही. म्हणून इमारत थोडीशी हलली तरी दिवा तिच्याहून जास्त झुलतो, आणि तेच डोळ्यांना दिसतं. वायर ३० ऐवजी ७० सेंटिमीटर केली असती तर तो दिवा कमी झुलला असता.

सेकंदाला १.२ हेलकाव्यांवर माथा मध्यापासून फक्त एक मिलिमीटर इकडे आणि एक मिलिमीटर तिकडे गेला, तरी त्वरण ०.०५७ मीटर प्रतिसेकंद वर्ग होतं. गुरुत्वाकर्षणाच्या हजारात पाच-सहा भाग. पडलेल्या माणसाला साधारण तेवढ्यालाच जाणवायला सुरुवात होते. म्हणजे काकूंना जे जाणवलं ते खरं होतं, आणि ते एक-दोन मिलिमीटरचं होतं. ५० मीटरपेक्षा उंच इमारतींसाठी आयएस १६७०० मध्ये राहत्या घरांना ०.१५ ची मर्यादा दिली आहे. ही इमारत तेवढी उंच नाही, पण मापपट्टी म्हणून पाहिलं तर दोन मिलिमीटरचा हेलकावाही त्या मर्यादेच्या आत राहतो. हे ऐकून औशाचे काका पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसले.

भिंतींच्या भेगांनी मात्र वेगळं सांगितलं. अकराव्या मजल्यावर बीमखाली आडव्या भेगा, कॉलमला लागून उभ्या. वाऱ्याने फ्रेम तिरकी होऊन भिंत फुटली असती तर भेगा तिरप्या, कर्णासारख्या असत्या, आणि त्या खालच्या-मधल्या मजल्यांवर जास्त असत्या. कारण अशा फ्रेममध्ये दोन मजल्यांमधली सरक तिथे जास्त असते. चौथ्या-पाचव्या मजल्यावर तर काहीच नव्हतं. मग एका भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू पक्का केला आणि व्हर्नियरने अंतर घेतलं. पहाटे सहाला एक आकडा, दुपारी चारला दुसरा. फरक अर्धा मिलिमीटर. वारा नाही, पाऊस नाही, नुसता सूर्य. २७ मीटर लांबीच्या गच्चीच्या स्लॅबमध्ये दिवस-रात्र २० अंशांचा फरक पडला तर तो पाच मिलिमीटरहून अधिक लांब-आखूड होतो. खालची भिंत सावलीत, ती तेवढी हलत नाही. तिचा आणि बीमचा जोड फाटतो. त्यात ब्लॉकची भिंत बांधल्या बांधल्या वर मॉर्टर ठासून बीमला घट्ट भिडवलेली, आणि ब्लॉक-काँक्रीटच्या जोडावर गिलाव्याखाली जाळी नाही. या दोन चुका मराठवाड्यातल्या साइटवर इतक्या सर्रास दिसतात की मला त्याचा राग येतो. ब्लॉकला सुकून आखडायला वेळ द्यायचा, शेवटचा थर काही दिवसांनी भरायचा, जोडावर दोन्हीकडे १५० मिलिमीटर जाईल अशी जाळी ठोकायची. खर्च चौरस फुटाला नगण्य.

एवढं सगळं पाहून गच्ची नीट तपासायला वर गेलो, आणि खरं प्रकरण तिथे सुरू झालं.

पहिली गोष्ट दिसली ती पत्र्याचं शेड. कार्यक्रमांसाठी आणि गळती थांबावी म्हणून सोसायटीने नंतर उभारलेलं, ९ बाय १२ मीटर, चारही बाजू उघड्या. बारा खांब, प्रत्येकाखाली बेस प्लेट आणि चार १० मिलिमीटरचे एक्सपान्शन बोल्ट. मी गुडघ्यावर बसून एक प्लेट जवळून पाहिली. बोल्टची भोकं लांबट झाली होती. प्लेटच्या कडेने विटकरी भुकटी साठलेली, आणि हॅक्सॉचं पातं प्लेटखाली पलीकडे सरळ गेलं. बोल्ट स्लॅबमध्ये गेलेच नव्हते. ते वरच्या कोब्यात होते, विटांच्या तुकड्यांत आणि चुना-सिमेंटात. साडेचार इंच कोबा, आणि अडीच इंचांचा बोल्ट. त्याला धरणार काय?

उघड्या शेडला वारा खालून उचलतो आणि वरून ओढतो. ३६ मीटर उंचीवरचा दाब १.१८ किलोन्यूटन, निव्वळ गुणक ढोबळ १.२ धरला, तर १०८ चौरस मीटरवर १५ टनांच्या आसपास उचल. शेडचं वजन, पत्रा, त्याखालच्या आडव्या परलिन आणि पाइप धरून, जेमतेम दोन टन. डिझाइनमध्ये जिथे वजन आपल्या मदतीला असतं तिथे ते पूर्णही धरत नाहीत, ०.९ ने गुणतात आणि वाऱ्याला दीडपट करतात. म्हणजे कसंही मोजा, प्रत्येक खांबाला एक टनाहून जास्त खेचून धरावं लागणार. त्या दिवशीचा वारा डिझाइनच्या चौथ्या हिश्शाचा असल्यामुळे शेड उडालं नाही, पण उचललं जाऊन आदळत राहिलं. शेजारच्या घरातली 'धाड धाड' आणि थरथर ती. बेस प्लेटच्या बरोबर खाली त्यांचा हॉल येत होता.

दुसरी गोष्ट टाक्या. या शहराला पाणी येतं जायकवाडीतून, आणि नळाला आठवड्यातून एकदा आलं तरी लोक देवाचे आभार मानतात. त्यामुळे सोसायट्या साठा वाढवतात, टँकर मागवतात, वर प्लॅस्टिकच्या टाक्या ठेवतात. गरज शंभर टक्के खरी आहे. इथे जिन्याच्या डोक्यावर डिझाइन केलेली काँक्रीटची टाकी होतीच. त्याशिवाय पाच हजार लिटरच्या सहा टाक्या, दोन-दोन करून तीन स्लॅब-पॅनेलच्या, म्हणजे चार बीममधल्या स्लॅबच्या तुकड्यांच्या, बरोबर मधोमध ठेवलेल्या.

पॅनेल ४.२ बाय ५.४ मीटर, स्लॅब १२५ मिलिमीटर. स्लॅबचं स्वतःचं वजन चौरस मीटरला ३.१ किलोन्यूटन, कोबा २.३, आणि ये-जा असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ भाग २ प्रमाणे चल भार, म्हणजे माणसं-सामानाचं वजन, १.५. बेरीज ६.९. दीडपटीने गुणून १०.४ एवढ्याला स्लॅब डिझाइन केलेला. आता दोन भरलेल्या टाक्यांचे दहा टन त्या २२.७ चौरस मीटरवर पसरले असं समजलं, तरी ४.३ किलोन्यूटन. १.५ च्या जागी ४.३. बेरीज ९.७. म्हणजे अनपेक्षित गोष्टींसाठी ठेवलेला जवळजवळ सगळा राखीव भाग रोजच्या वापरात खर्च. आणि वजन पसरलेलं नव्हतंच. टाकीचा व्यास १.८ मीटर, तिच्या बुडाखाली चौरस मीटरला दोन टन, तेही मधोमध, जिथे स्लॅब सर्वांत जास्त वाकतो. खरा ताण या बेरजेपेक्षा वाईट.

खाली जाऊन पाण्याच्या लेव्हल ट्यूबने छताचा खोलगा मोजला. मध्यात २३ मिलिमीटर. मानक म्हणतं, गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, अडीचशेव्या भागापर्यंत, म्हणजे इथे १७ पर्यंत. काही मिलिमीटर सेंट्रिंगच्या वेळचे असू शकतात, पण टाकी नसलेल्या शेजारच्या पॅनेलमध्ये तोच आकडा ९ होता. छतावरची ती आडवी भेग बरोबर मध्यरेषेवर, आखूड गाळ्याला काटकोनात. वादळात पडलेली ती नव्हती. तिच्यात जुनी धूळ आणि रंगाचा जुना थर होता. वादळाने लोकांना वर बघायला लावलं, एवढंच.

औशाच्या काकांना मी ते गच्चीवर नेऊन दाखवलं. त्यांनी टाकीच्या बुडाकडे पाहिलं आणि ते स्वतःच म्हणाले, "आमच्याकडं माळवदावर दर पावसाळ्याआधी मातीचा थर टाकायचे. जुना काढायचा कोणी नाही." किल्लारी परिसरात दगड-मातीच्या जाड भिंतींवर असं वर्षानुवर्षं वाढलेलं माळवद होतं, आणि त्या पहाटे वरचं ते वजनच माणसांवर आलं. त्या वेळच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता. २००२ च्या सुधारणेत झोन एक रद्दच झाला आणि तो परिसर तीनमध्ये गेला. काकांना यापुढे मला काही समजावून सांगावं लागलं नाही. उलट बैठकीत त्यांनीच ते बाकीच्यांना सांगितलं.

टाक्यांची दुसरी बाजूही आहे. मे महिन्यात पाणी नसतं, टाक्या रिकाम्या, आणि वळीव नेमका तेव्हाच येतो. एवढी रिकामी टाकी शंभर-सव्वाशे किलोची. तिच्यावर ताशी ७२ किलोमीटरचा वारा साधारण ६५ किलोचा आडवा जोर लावतो, आणि गुळगुळीत कोब्यावर घर्षण ४०-५० किलो. म्हणजे ती सरकणार, सरकताना पाइप तोडणार, आणि पॅरापेट साडेचार इंची विटांचा असेल तर त्यालाही घेऊन खाली जाणार. सहापैकी एका टाकीचा पीव्हीसी जोड त्या दिवशी खरोखर मोडलेला होता. टाकी मूळ जागेवरून हातभर सरकलेली, कोब्यावर तिच्या बुडाचा गोल डाग उघडा पडलेला.

त्याच दुपारी सगळ्या टाक्या पाव भागापर्यंत रिकाम्या करायला लावल्या. पावभर म्हणजे सव्वा टन. स्लॅबला सोसणारं आणि वाऱ्याला न हलणारं. खालच्या घरात टेकू लावण्याची सूचना आली, ती मी नाकारली. टेकू ते वजन फक्त दहाव्या मजल्याच्या छतावर उतरवतो, आणि तो स्लॅब तर त्याहून कमी तयारीत असतो.

कायमचा उपाय असा ठरला. टाक्या स्लॅबच्या मध्यावरून उचलून कॉलमच्या ओळीवर न्यायच्या. ड्रॉइंगवरून आणि सळई शोधणाऱ्या यंत्राने कॉलमची जागा पक्की केली, तिथला कोबा फोडून काँक्रीट उघडं केलं. प्रत्येक कॉलमवर १२ मिलिमीटरच्या सळया केमिकलने दीडशे मिलिमीटर खोल बसवून ३०० मिलिमीटर उंच पेडस्टल, म्हणजे काँक्रीटचा छोटा चौथरा. फोडलेल्या कोब्याभोवतीचं वॉटरप्रूफिंग पेडस्टलवर चढवून घ्यायचं, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात नवी तक्रार. पेडस्टलवर आखूड आडवा बीम, त्यावर ५.४ मीटर गाळ्याचे दोन समांतर आयएसएमबी २५० हे लोखंडी बीम, त्यांवर ३०० मिलिमीटर अंतराने चॅनेल आणि जाड पत्रा. प्लॅस्टिकच्या टाकीचं बूड पूर्ण टेकलं पाहिजे. नुसत्या दोन बीमवर ठेवली तर सहा महिन्यांत बुडाला पोट येतं आणि ती तिथेच फाटते. शेवटी प्रत्येक टाकीला पट्ट्यांनी फ्रेमला बांधायचं. कॉलम आणि फुटिंगवर तीस टनांचा फरक सात हजार टनांत किरकोळ. तेच वजन मधल्या स्लॅबवर धोकादायक आणि कॉलमवर बिनघोर.

शेडवरून बराच वाद झाला. खर्च झालेला, वर लोकांना सावली हवी. मी दोनच पर्याय दिले: उतरवा, किंवा प्रत्येक खांब बीमवर आणून कोबा फोडून १६ मिलिमीटरचे केमिकल अँकर काँक्रीटमध्ये १२५ मिलिमीटर खोल घ्या, आणि पत्र्याच्या कडेच्या रांगेतले स्क्रू निम्म्या अंतरावर आणा, कारण पत्रा नेहमी कडेपासून सुटायला लागतो. शेड तात्पुरतं उतरवलं गेलं. गळतीसाठी जोड-भेगा दुरुस्त करून गच्चीला पांढरं उष्णतारोधक कोटिंग दिलं, त्याने स्लॅबचं तापणं आणि भिंतीवरच्या भेगांचं उघडणं दोन्ही कमी होतं. भिंतीचे जोड १०-१२ मिलिमीटर कापून त्यात लवचीक सीलंट भरलं.

टाक्या हलवल्यावर सेक्रेटरींनी सोलरचं विचारलं. पॅनेल वजनाने हलकी, स्टँडसहित चौरस मीटरला पंधरा-वीस किलो, त्यामुळे 'याला काय लागतंय' असं सगळ्यांना वाटतं. ठेकेदाराने काँक्रीटचे ठोकळे ठेवून त्यावर स्टँड बसवायचं ड्रॉइंग पाठवलं होतं. ३६ मीटर उंचीवर तिरक्या पॅनेलला उचल रोखायची म्हटल्यावर त्या ठोकळ्यांचं वजन चौरस मीटरला शंभर-दीडशे किलोवर गेलं, आणि ते पुन्हा स्लॅबच्या मधोमध. मी ते परत पाठवलं. आता स्टँडचे पाय टाक्यांच्याच पेडस्टलच्या ओळीत, बीमवर, अँकरने धरून येतील, पॅनेलचा कोन दहा अंशांवर ठेवून. वीज थोडी कमी मिळेल, पण वारा बराच कमी पकडला जाईल. ठेकेदाराला बोल्टच्या खेच-चाचणीची अटही घातली आहे: प्रत्येक रांगेतला एक बोल्ट डिझाइनच्या दीडपट जोराने ओढून दाखवायचा, सेक्रेटरींच्या समोर.